गडावरची बाग आणि गौरीची फुलं

भादव्यात, गौरी यायच्या आधी, पेण आणि रोह्याच्या बचत गटांतल्या आम्ही बाया अवचितगडावर गेलो होतो. रोह्याजवळच्या मेढे गावातून रानातली वाट वर जाते. गडावर बारा कोनांचा तलाव आहे, पाण्याची टाकी आहेत, महादेव आहे. बुरुजावरच्या शिलालेखात शके 1718, म्हणजे इसवी सन 1796, असं साल कोरलंय.

इंग्लंडात जुन्या किल्ल्यांच्या बागा लोक तिकीट काढून बघतात. आपल्याकडे गडावर कोणी झाडं लावत होतं का? लावायची आज्ञाच होती. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलं. त्यात सांगितलंय, की गडावर आहेत ती झाडं राखावी. फणस, चिंच, वड, पिंपळ, लिंबू, फुलझाडं, वेली लावाव्या. कामाचं झाड असो की बिनकामाचं, ते जतन करावं. अडचणीच्या वेळी निदान लाकूड तरी मिळेल. रयतेचे आंबे-फणस आरमारासाठी जबरदस्तीने तोडू नयेत, असंही त्यात आहे. कारण लोकांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात.

आम्हाला वाटेत काय दिसलं? तेरडा, सोनकी, रानहळद, कुर्डू, भारंगी आणि कुंपणावर चढलेली कळलावी. तिच्या फुलांना आपण गौरीचे हात म्हणतो. तिचा कंद पूर्वी बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून वापरत, त्यावरूनच हे नाव पडलं. पण कळलावी पूर्ण विषारी आहे. कंद खाल्ला तर जीव जातो. पोरांना हे आवर्जून सांगा, आणि तो कंद औषध म्हणून कोणी दिला तरी घेऊ नका.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. आपली गौरही तीनच दिवसांची माहेरवाशीण. पण तेरडा दरवर्षी बियांवरच उगवतो. बोंडं तडकायच्या आधीच सगळी रोपं मुळासकट उपटली, तर पुढच्या वर्षी गौरीला काय आणायचं? आमच्यातल्या एका आजींनी गडावरच सांगितलं, "चार घ्या, दहा ठेवा." त्यांच्या सासूबाईही असंच सांगायच्या.

आज्ञापत्र कागदावर राहिलं, म्हणून आपल्याला कळलं. आजींचं बोलणं कोण लिहिणार? आम्ही गटाच्या वहीत मागचं पान त्यासाठी ठेवलंय. त्यावर फुलाचं नाव, ते कधी फुलतं आणि कशाला लागतं, एवढं लिहितो. तुमच्याही वहीत एक पान असू द्या, मैत्रिणींनो.