मीटरमागे एक वॉट

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पितळेचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी सव्वीस वर्षे हिशेब लिहिले. लेथवर चढवलेली कांब आणि तयार झालेला माल यांच्या वजनात फरक पडतोच. आमच्या वहीत त्याला ‘घट’ म्हणत. एका वर्षी ही घट मी बारा महिन्यांवर सारखी वाटून टाकली. एकूण आकडा मर्यादेत होता, त्यामुळे कोणी काही विचारले नाही. पुढच्या वर्षी ध्यानात आले की जवळजवळ सगळी घट एकाच यंत्रावर, एकाच पाळीत होत होती. सरासरी काढून मी ती स्वतःपासूनच लपवली होती.

पदवीने मी वाणिज्य शाखेचा. भौतिकशास्त्र शिकलो ते मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात, फोर्टच्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून आणि पुढे सहज मिळू लागलेल्या शोधनिबंधांतून. कणत्वरकांचा इतिहास वाचताना जाणवले की तो बहुधा पोचलेल्या कणांचा लिहिला जातो: किती ऊर्जा गाठली, काय सापडले. वाटेत गळालेल्या कणांचाही एक इतिहास आहे. यंत्र उभे राहण्याआधीच ही गळती मोजू पाहणाऱ्यांचा तो इतिहास आहे, आणि माझ्या वहीतल्या घटीच्या रकान्यामुळे तो मला जवळचा वाटला.

मुंबईतल्या जुन्या यंत्रांपासून सुरुवात करू. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रॉम्बेला ५५ लाख व्होल्टचा व्हॅन डी ग्राफ त्वरक आला. पुढे त्याचेच रूपांतर करून ‘फोटिया’ हा त्वरक उभा राहिला. १९८८ च्या अखेरीस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन सुरू झाला. त्याचा विद्युतदाब १.४ कोटी व्होल्ट. ही यंत्रे अणुकेंद्राच्या अभ्यासासाठी होती आणि त्यांतून वाहणारा प्रवाह अगदी बारीक असे. व्हॅन डी ग्राफमधून एक मायक्रोअँपिअर प्रोटॉन जात आहेत असे धरले, तर गुणाकार सोपा आहे: सगळ्या झोताची शक्ती साडेपाच वॉट. रात्री खोलीत लावायच्या छोट्या दिव्याएवढी. त्यातले काही कण भिंतीला लागले तरी यंत्राचे फारसे बिघडत नसे.

आमच्या उपनगरातही या विद्येचे एक घर आहे. पवईला आयआयटीच्या आवारातल्या ‘समीर’ या संस्थेने कर्करोगावरच्या किरणोपचारासाठी ६० लाख व्होल्ट क्षमतेचा इलेक्ट्रॉन त्वरक विकसित केला. तिथे इलेक्ट्रॉन मुद्दाम धातूवर आदळवतात, कारण त्या आदळण्यातूनच उपचाराचे क्ष-किरण निघतात. घाटकोपरहून अंधेरीला जाताना मी वर्षानुवर्षे पवईच्या बाजूने गेलो. आत काय चालते हे पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

गळतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो थोरियममुळे. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम आहे, पण ते आपण होऊन जळत नाही. त्याला न्यूट्रॉन पुरवावे लागतात. १९९० च्या दशकात कार्लो रुबिया आणि इतरांनी एका कल्पनेला जोर दिला. प्रवेगित प्रोटॉन जड धातूवर आदळवायचे, त्यातून न्यूट्रॉन मिळवायचे आणि अणुभट्टी चालवायची. त्यासाठी सुमारे १०० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा आणि काही दहा मिलिअँपिअर प्रवाहाचा झोत लागतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणून ट्रॉम्बेला ‘लेहिपा’ हा त्वरक हाती घेतला. आयन-स्रोतातून ५० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टने निघालेले प्रोटॉन पहिल्या भागात ३० लाखांपर्यंत आणि दुसऱ्या भागात २ कोटींपर्यंत नेणारे हे यंत्र आहे. ती पूर्ण ऊर्जा २०२३ साली गाठली गेली. मूळ आराखड्यातला प्रवाह ३० मिलिअँपिअरचा आहे. ऊर्जा गाठणे आणि तेवढा प्रवाह पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत.

हा प्रवाह धरून पुन्हा गुणाकार करू. २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टला झोताची शक्ती ६ लाख वॉट होते. पुढच्या, १०० कोटींच्या यंत्रात ती ३ कोटी वॉट होईल. साडेपाच वॉटवरून आपण इथे आलो.

भिंतीला लागलेल्या प्रोटॉनचे काय होते? यंत्राच्या आतला पृष्ठभाग तांब्याचा असतो. पुरेशा ऊर्जेचा प्रोटॉन तांब्याच्या अणुकेंद्रात शिरतो, न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो आणि तांब्याचे जस्त होते. तांबे-६५ पासून होणारे जस्त-६५ किरणोत्सारी असते. त्याचे अर्धायुष्य २४४ दिवस. म्हणजे यंत्र बंद केल्यावरही ती भिंत काही महिने माणसाला जवळ येऊ देत नाही. ही क्रिया घडायला प्रोटॉनजवळ निदान २२ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ऊर्जा लागते. त्याखाली गळालेला कण तांब्यात निमूट जिरतो. म्हणून आराखडा करणारे जी तूट व्हायची ती सुरुवातीलाच सोसतात. पुढे गेलेला प्रत्येक कण महाग.

किती गळती चालेल, याचे उत्तर अनुभवातून आले. अमेरिकेत लॉस अलामोसला १९७२ पासून चालणाऱ्या ८० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या त्वरकावर तंत्रज्ञ बोगद्यात उतरून हातांनी दुरुस्त्या करत आले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात जाणकारांची एक कार्यशाळा झाली आणि तिथे एक मोजमाप सर्वमान्य झाले: मीटरमागे एक वॉट. यंत्र १०० दिवस चालवून बंद केले आणि चार तास थांबले, तर या गळतीमुळे फूटभर अंतरावर तासाला सुमारे १ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. आपल्याकडे किरणोत्सारी कामावरच्या माणसाची मर्यादा वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट आहे. त्या भिंतीशेजारी वीस तास काम केले की त्याचे वर्ष संपले. मीटरमागे एक वॉट हा आकडा असा पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन आत जाणाऱ्या माणसाच्या तासांतून आला आहे.

आता हे आधी कसे ओळखायचे? ६ लाख वॉटच्या झोतातून मीटरमागे एक वॉट म्हणजे सहा लाखांत एक कण. पुढच्या मोठ्या यंत्रात तीन कोटींत एक. इथे संगणकाची गरज लागते. यंत्र उभारण्यापूर्वी झोताचे संगणकावर सादृशीकरण करतात, म्हणजे रंगीत तालीमच घेतात. लेहिपाच्या आराखड्यातल्या प्रत्येक पुंजक्यात माझ्या हिशेबाने ५३ कोटी प्रोटॉन भरतात. त्यांच्याऐवजी काही लाख प्रतिनिधी कण घेतात. प्रत्येकाची जागा आणि गती सांगणारे सहा आकडे. सगळ्यांचा मिळून विद्युतभार जागेच्या चौकटींत वाटायचा, त्यातून क्षेत्र काढायचे, प्रत्येकाला थोडे पुढे ढकलायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. तालमीत एक लाखच कण घेतले, तर सहा लाखांतला तो एक बहुधा दिसणारच नाही. वहीत गळती शून्य निघेल आणि भिंत मात्र तापेल.

१९६० साली कुलाब्याला पूर्ण झालेल्या ‘टिफ्रॅक’ या आपल्या संगणकाच्या स्मृतीत २०४८ आकडे मावत. सहाने भागले तर ३४१ कण, तेही आज्ञावलीला जागा न ठेवता. १९५९ साली रशियात कापचिन्स्की आणि व्लादिमिर्स्की यांनी झोताचे जे सुबक गणित मांडले, त्यात सगळा झोत एका सुरेख लंबवर्तुळाकार आकारात बसवलेला होता. हाताने सोडवण्याजोगे असे तेच होते. त्या झोताला कडा होती. कडेबाहेर कोणीच नव्हते.

खऱ्या झोताला मात्र चंद्राला पडते तसे खळे पडते. सकाळच्या मुलुंडच्या गाडीत मधोमध चेपलेल्या माणसाला हलताही येत नाही. धोका असतो दारात लटकणाऱ्याला. डब्याची सरासरी काढली तर तो त्यात दिसत नाही. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात, चुंबक त्यांना पुन्हा आत ओढतात, आणि झोत नीट जुळलेला नसेल तर त्याचा गाभा श्वास घेतल्यासारखा फुगतो-आकसतो. १९९४ साली रॉबर्ट ग्लकस्टर्न यांनी दाखवले की या हेलकाव्यांशी ताल जुळलेला एखादा कण, झोपाळ्याला वेळेवर झोका मिळावा तसा, दूर फेकला जातो.

तालीम आणि प्रयोग यांची गाठ पडली तेव्हा दोन धडे मिळाले. लॉस अलामोसलाच २००१ च्या सुमारास ५२ चुंबकांच्या रांगेतून ६७ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा झोत सोडून त्याचे खळे मोजले गेले. सादृशीकरणाने गाभा बऱ्यापैकी सांगितला, खळे मात्र कमी दाखवले. सुरुवातीला कण कसे पसरले होते, हे पुरते ठाऊक नव्हते. केवळ सरासरी रुंदी माहीत असून भागले नाही. हे वाचले तेव्हा मला माझी बारा महिन्यांवर वाटलेली घट आठवली.

दुसरा धडा ओक रिज इथल्या न्यूट्रॉन-स्रोताचा. त्याच्या अतिवाहक भागात तालमीने जवळजवळ गळती नाही असे सांगितले होते. ती होत होती. चालकांनी चाचपडत चुंबकांचा जोर उतरवला आणि झोत रुंद झाला, तशी गळती घटली. पुस्तकाप्रमाणे ती वाढायला हवी होती. पुढे व्हॅलेरी लेबेदेव यांनी कारण सुचवले. त्या यंत्रातले आयन दोन इलेक्ट्रॉन बाळगणारे. दाटीत ते एकमेकांवर घासून एक इलेक्ट्रॉन गमावतात, विद्युतभारहीन होतात आणि चुंबकांना जुमानत नाहीत. त्याच यंत्रातून साधे प्रोटॉन सोडून पाहिले तेव्हा गळती पुष्कळ कमी निघाली; २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. तालमीतले गणित चुकले नव्हते. त्यात हे कारण घातलेलेच नव्हते, आणि त्याची चाहूल लागली ती चालकांनी गळतीचे आकडे जसेच्या तसे लिहून ठेवले म्हणून.

ट्रॉम्बेच्या यंत्रात प्रोटॉन आहेत, त्यामुळे हे विशिष्ट दुखणे त्याला नाही. पण प्रवाह वाढत जाईल तसे त्याचे स्वतःचे काही निघेल. या लेखासाठी वाचताना यंत्रांच्या उद्घाटनांची वर्षे मला सहज सापडली. कोणत्या दिवशी, कोणत्या मीटरला, किती गळाले आणि तालमीने किती सांगितले होते, याच्या नोंदी शोधाव्या लागल्या. इतिहासाच्या अभ्यासकाने या नोंदवह्या मागायला हव्यात आणि यंत्र चालवणाऱ्यांनी त्या जपायला हव्यात. मोठ्या यंत्राचा आराखडा करणाऱ्या पुढच्या पिढीला त्यांचा उपयोग होईल.

लक्ष्मीपूजनाला आम्ही नवी वही पूजतो. यंदा माझ्या वहीत मी घटीचा रकाना यंत्रवार आणि पाळीवार आखला आहे. कारखाना सुटून चार वर्षे झाली; आता त्यात त्वरकांची नावे आहेत.