लुगडं, कपाट आणि बोहारीण

कपाट म्हणजे मुळात दार. संस्कृतात दाराच्या फळीला कपाट म्हणतात, आणि बद्री-केदारच्या बातम्यांत 'मंदिराचे कपाट उघडले' असं अजूनही ऐकू येतं. अलमारी हा शब्द तर पोर्तुगीजांचा, 'आर्मारिओ'वरून आलेला. म्हणजे खोलीत उभं राहणारं, दारं लावलेलं, कपड्यांसाठीचं मोठं खोकं ही वस्तू आपल्या घरांत बरीच उशिरा आली असावी. आपल्याकडे होतं ते फडताळ, भिंतीतच काढलेलं. पण फडताळात कपडे कुठे असायचे? तिथे बरण्या, औषधाच्या बाटल्या, पोथ्या, सुपारीचा डबा. कपडे असायचे खुंटीवर आणि वलणीवर. उरलेसुरले पेटीत, नाहीतर गाठोड्यात.

कारण सोपं आहे. ठेवायला कपडेच नव्हते!

आमच्या वाईच्या घरातल्या बायकांचा हिशेब मला आईकडून कळला. एक लुगडं अंगावर, एक दांडीवर वाळत, एक सोवळ्याचं आणि एक 'ठेवणीतलं'. हा ठेवणीतला शब्द किती छान आहे बघा. म्हणजे बाकीचे कपडे ठेवण्यासाठी नसतातच, ते वापरण्यासाठी असतात, हे त्यातच आलं. आणि हे खाऊन-पिऊन सुखी घर हं. १९१७ साली चंपारणात गांधीजींनी कस्तुरबांना तिथल्या बायकांकडे स्वच्छतेबद्दल बोलायला पाठवलं, तेव्हा एका बाईने आपलं घर दाखवून सांगितलं की अंगावर आहे तेवढंच एक लुगडं आहे, ते धुवायचं कसं? गांधीजींच्या आत्मकथेत हा प्रसंग आहे. खुंटी आणि वलणीसुद्धा पुष्कळ लोकांना लागत नव्हती, हे विसरून जुन्या साध्या राहणीचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

आता लुगड्याचं पुढे काय व्हायचं ते ऐका, कारण मला खरी गंमत तिथे वाटते. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर कापड. ते सगळीकडे सारखं विरत नाही. बसून उठून मधला भाग आधी जातो, टोकं धड राहतात. मग दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग कापून एकमेकांना जोडायचे. याला म्हणत 'दंड घालणे'. दंडाचं लुगडं घरात चालायचं, चारचौघांत नेसून जायची लाज वाटायची. तेही विरलं की त्यातून बाळाची झबली, दुपटी, टोपडी निघायची. (नव्या बाळाला नवं कापड टोचतं, जुनं मऊ असतं, हे शहाणपण अजून टिकून आहे.) उरलेलं गोधडीत जायचं. गोधडी फाटली की पोतेरं. आणि एखादी बरी सुती चिंधी पिळून काकडा. म्हणजे लुगडं घरात यायचं ते थेट जळून किंवा झिजूनच संपायचं. 'नको असलेला कपडा' अशी काही चीजच नव्हती.

मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी काढली, पुढे गिरण्यांची रांग लागली, कापड मुबलक झालं. तरी आमच्या आजीच्या संसाराची सुरुवात झाली ती महायुद्धातल्या टंचाईत. सरकारने १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आणलं, स्वस्तातलं 'स्टँडर्ड क्लॉथ' काढलं. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या सुरुवातीला नियंत्रण उठवून पाहिलं, भाव भडकले, तेव्हा त्याच वर्षी पुन्हा लावलं. आजीची पिढी कापडाची चिंधी न टाकणारी का होती, याचं उत्तर संस्कारांत कमी आणि या कायद्यांत जास्त आहे असं मला वाटतं.

तर कपाट. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. १९०२ च्या सुमारास तिजोऱ्या. आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. हा क्रम लक्षात घ्या: आधी कुलूप, मग तिजोरी, मग कपाट. आपल्या घरात आलेलं लोखंडी कपाट हे खरं म्हणजे तिजोरीचं धाकटं भावंड आहे. आत चोरकप्पा, त्याला वेगळी किल्ली, दाराला ती फिरवायची मूठ. (पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो मतपेट्याही याच लोकांनी विक्रोळीत बनवल्या होत्या.) ज्या पेटीत सोनं आणि घराची कागदपत्रं, त्याच पेटीत साड्या. कपड्यांचा दर्जाच वाढला! दांडीवरची वस्तू एकदम कुलपाआड गेली. आणि कुलपाआड गेलेली वस्तू लवकर बाहेर येत नाही.

मध्यमवर्गात ही कपाटं सर्रास दिसू लागली ती माझ्या आईवडिलांच्या पिढीत. लग्नात कपाट देणं हा मानाचा भाग झाला, आणि देण्याघेण्याच्या याद्यांतही ते जाऊन बसलं. आमच्या आईला ते माहेरून आलं नाही, वडिलांनी हप्त्याने घेतलं, हे ती अजून अभिमानाने सांगते. त्याच सुमारास टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन आलं. या कापडाचा गुण म्हणजे ते फाटत नाही, आणि अवगुणही तोच. गोधडीला ते चालत नाही, टोचतं, घाम शोषत नाही. पोतेऱ्याला चालत नाही, पाणी टिपत नाही. काकड्याचं तर नावच नको. म्हणजे कपाटाने आत येणारा रस्ता रुंद केला आणि टेरिकॉटने बाहेर जाणारा जुना रस्ता बंद केला. पस्तीस-चाळीस वर्षांत घरं तुंबली नसती तरच नवल.

मग बाहेर जायचं एक नवं दार उघडलं, ते म्हणजे बोहारीण. आमच्या वयाच्या सगळ्यांना ती आठवत असणार. डोक्यावर चकचकीत भांड्यांची पाटी, पाठीला गाठोडं, आणि दुपारी जेवणं आटोपली की जिन्यात ती हाक. या बायका बहुतेक मूळच्या गुजरातेतल्या, देवीपूजक समाजाच्या. स्टेनलेस स्टीलची हौस आणि टेरिकॉटचे ढीग हे दोन्ही एकाच वेळी वाढले, आणि त्यांचा धंदा या दोहोंच्या मधोमध उभा होता. ती साडी उन्हाकडे धरून बघायची, काठ चाचपायची, शर्टाची कॉलर उलटून बघायची. 'बाई, ही तर जिरलीये, अजून एक पँट टाका.' आई म्हणायची, 'टाकते, पण मग डबा झाकणाचा हवा.' तासभर चालायचं. वाद तोंडाने व्हायचा, पण दोघींना एकमेकींचा हिशेब नीट ठाऊक असायचा. आमच्या घरातला एक मोठा पोह्यांचा डबा म्हणजे वडिलांच्या तीन पँटी आणि आत्याची एक वुली नायलॉन साडी आहे.

ते कपडे पुढे कुठे जात, याचा आम्ही कधी विचार केला नाही. दुरुस्त करून, इस्त्री करून ते जुन्या बाजारात जात. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चिंधी बाजार. अगदीच गेलेलं सुती कापड वर्कशॉपमध्ये यंत्रं पुसायला जायचं, लोकरीचं पानिपतला, तिथे त्याचा पुन्हा धागा होऊन घोंगड्या होत. ल्यूसी नॉरिस नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या याच व्यवहारावर २०१० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आहे. आपण ज्याला किरकोळ दुपारचा सौदा समजत होतो तो हजारो लोकांचा उद्योग होता. आता सोसायटीच्या गेटवर वॉचमन त्यांना आत सोडत नाही, आणि दुपारी घरी असतंय कोण?

हे सगळं आत्ता सुचायचं कारण नातेवाइकांना माहीत आहे. आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला जात आहे, आई तीन वर्षांसाठी भाड्याच्या दोन खोल्यांत जाणार, आणि कपाट रिकामं करायचं आहे. त्यातून एकशे अठरा साड्या निघाल्या. आईचं वय त्र्याऐंशी, ती आता गाऊनच घालते. माझ्या भाचीने मारी कोंडोबाईंचं पुस्तक आणून दिलं. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, आनंद होतो का बघायचं, नसेल होत तर आभार मानून निरोप द्यायचा. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'साडीने कशाला आनंद द्यायला हवा? साडी आहे ती.' मग जरा थांबून, 'निरोप देऊन पाठवणार कुठे, ते लिहिलंय का त्यात?'

या प्रश्नावर आमचं सगळं अडलं. कामाच्या मावशींना विचारलं तर त्या अगदी गोड बोलून म्हणाल्या, 'नको ताई, आता आम्ही पण नवीनच घेतो.' मला आधी चमकल्यासारखं झालं, मग बरं वाटलं. जरीच्या साड्या घेणारा एक जण आला, तो काठांतली चांदी काढायला साडी जाळतो हे आईला कळल्यावर त्याला चहा देऊन परत पाठवण्यात आलं.

जाळण्यावरून आठवलं. ३१ जुलै १९२१ ला, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, गांधीजींनी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विदेशी कपड्यांची मोठी होळी केली. (पुण्यात सावरकर आणि विद्यार्थ्यांनी त्याच्या बऱ्याच आधी, बंगालच्या फाळणीनंतर, अशी होळी केली होतीच.) रवींद्रनाथांना हे पटलं नाही. देशात लोक उघडे असताना कापड जाळायचं? ते कपडे माझे नव्हेत, ज्यांना गरज आहे त्यांचे आहेत, असा त्यांचा मुद्दा. गांधीजींचं उत्तर मला आज जास्त अवघड वाटतं. उघड्या माणसाला आपले उतरलेले कपडे देणं हा त्याचा अपमान आहे, त्याला काम द्या, आणि द्यायचंच असेल तर आपल्यातलं चांगलं द्या, असं त्यांनी ऑक्टोबरमध्ये 'यंग इंडिया'त लिहिलं. तेव्हा ते स्वतः पंचावर आलेले होते. मदुराईत २२ सप्टेंबरला त्यांनी तो निर्णय घेतला होता. एकशे अठरा साड्यांसमोर बसून हा वाद वाचणं जरा अंगावर येतं.

रवींद्रनाथ चूक होते असं मी म्हणणार नाही. पण २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, ते कोणी घ्यायला तयार नव्हतं. ज्यांचं सगळं वाहून गेलं होतं त्यांनीसुद्धा. 'गूंज' ही १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली संस्था, तिने त्यातलं पुष्कळ कापड उचलून निवडून कामाला लावलं. त्यांची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे: गावातले लोक विहीर खोदतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. फुकट वाटप नाही. म्हणजे गांधीजींची अट पाळून रवींद्रनाथांचं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं की! जिन्यातली बोहारीण तरी वेगळं काय करत होती? तिथेही कोणी कोणावर उपकार करत नव्हतं.

असो. आई हे सगळं ऐकून तयार झाली, पण तिची अट एक. जे द्यायचं ते धुऊन, इस्त्री करून, फॉल उसवला असेल तर टाचून. तीन आठवडे आम्ही तेच करत होतो. एकावन्न साड्या अशा गेल्या. चाळीस ती ठेवते आहे, का ते विचारायचं नाही असं ठरलंय. एक पैठणी बहिणीकडे. तळाच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आजीचं दंडाचं लुगडं निघालं. दंडाची शिवण हातची, टाके इतके बारीक की उलट बाजूने बघितल्याशिवाय जोड कळत नाही. तेही कुठेच जाणार नाही. ते माझ्याकडे आहे, कुणाला बघायचं असेल तर या.

उरल्या पंचवीस, सगळ्या सुती, मऊ झालेल्या. त्यांच्या गोधड्या करायच्या ठरल्या आहेत. एका गोधडीला चार-पाच साड्या लागतात, म्हणजे सहा तरी होतील. शिवणाऱ्या बाई हाताने शिवतात, एकीला पंधरा-वीस दिवस घेतात, तेव्हा घाई करू नये. ज्यांना हवी असेल त्यांनी दिवाळीच्या आत आईला फोन करा, मला नको, यादी ती ठेवते आहे. साताऱ्याच्या आत्याने तिची आधीच सांगून ठेवली आहे, तेव्हा राहिल्या पाच.