तांदळावरची बुरशी

आमचे अण्णा १९८६च्या मार्चात गेले. चांदवडच्या बाजारात कांदा विकून, पट्टी खिशात घालून घरी येताना छातीत कळ आली. नाशिकला पोहोचेपर्यंत सारे संपले होते. वय ५१. गेल्या वर्षी माझ्या रिपोर्टात एलडीएल १६८ निघाले आणि डॉक्टरांनी रात्रीची गोळी लिहून दिली. होळकरकालीन कागद चाळणारा मी, त्या गोळीचा इतिहास चाळू लागलो.

तो सुरू होतो तांदळावरच्या बुरशीपासून. टोकियोच्या सांक्यो कंपनीतले अकिरा एंडो १९७१पासून बुरशी तपासत होते. काही बुरश्या इतर सूक्ष्मजीवांचे स्टेरॉल तयार होणे रोखून स्वतःचा बचाव करत असतील, असा त्यांचा तर्क. सुमारे ६००० नमुन्यांनंतर, १९७३ साली क्योतोच्या धान्यदुकानातल्या तांदळावरील बुरशीत त्यांना कॉम्पॅक्टिन सापडले. उंदरांवर ते चालले नाही; अंडी देणाऱ्या कोंबड्यांत मात्र कोलेस्टेरॉल झपाट्याने उतरले. मर्कने १९७८मध्ये लोव्हास्टॅटिन काढले तेही बुरशीतूनच. आपल्या चाळीत सडक्या कांद्यावर काळी बुरशी धरते ना, तिच्याच कुळातली ती.

यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवते. स्टॅटिन त्यातले एक विकर अडवते. तुटवडा पडला की यकृत आपल्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे ग्राहक वाढवते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. हे ग्राहक शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चे नोबेल मिळाले. एलडीएल मात्रेप्रमाणे ३० ते ५० टक्के उतरते, ट्रायग्लिसराइड थोडे. एचडीएल जेमतेम वाढते.

१९८०मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत गाठी झाल्याची बातमी आली आणि दोन्ही कंपन्यांनी माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. मर्कने काही वर्षांनी त्या पुन्हा सुरू केल्या. अमेरिकेत परवानगी मिळाली १९८७ साली. हा आकडा मी पुन्हा पुन्हा पाहिला.

तरी जीव वाचतो का, हा प्रश्न उरलाच होता. उत्तर १९९४मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. आधीच हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांची सुमारे साडेपाच वर्षे पाहणी झाली. नुसती गोळी घेणाऱ्या गटात २५६ दगावले, सिम्व्हास्टॅटिनच्या गटात १८२. गोळीने कुणाकुणाचे स्नायू दुखतात, साखर किंचित वाढते. पण ज्याचा धोका मोठा, त्याचा फायदाही मोठा.

एंडो २०२४ साली, नव्वदीत वारले. अण्णा बिडी ओढत आणि त्यांचे कोलेस्टेरॉल कधी मोजलेच गेले नाही. तेव्हा गोळी असती तरी ती चांदवडला कोण लिहून देणार होते? त्यांची शेवटची पट्टी अजून माझ्या कपाटात आहे.