भातुकलीची राज्यघटना

चोर-पोलीस हा खेळ कधी संपत नाही, तो मोडतो. आणि मोडतो तो एकाच वाक्यावर. "तुला गोळी लागली!" "हॅट्, कुठे लागली?" मग वकिली, मग रडारड आणि शेवटी आया. सोंग घ्यायला मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. अडतं ते गोळी लागली की नाही, हे ठरवण्यापाशी. सोंगट्यांच्या पटावर असले तंटे नसतात, कारण तिथे फासा सांगेल ते खरं. पण सोंगटी बिचारी तोंड उघडत नाही. भातुकली आणि फासा यांचं लग्न लागायला विसावं शतक अर्ध्याहून जास्त सरावं लागलं. टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांचा इतिहास म्हणजे त्या लग्नाची हकिगत.

पहिली बैठक 1969 साली अमेरिकेत, मिनेसोटातल्या जोडशहरांत झाली. तिथल्या लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या मंडळींपैकी डेव्हिड वेस्ली याने ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव योजलं. नेपोलियनच्या काळातली लढाई व्हायची होती. त्याआधी गंमत म्हणून त्याने एकेकाला गावातली एकेक भूमिका दिली, कुणी महापौर, कुणी सावकार. झालं! जो तो आपापली कारस्थानं करत सुटला आणि लढाई राहिली बाजूला. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळणारे मात्र म्हणाले, पुन्हा कधी? आपल्याकडच्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे पटेल. मुख्य कार्यक्रम बारगळला म्हणजे खरी मजा येते.

त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. पुढे त्याने राजवाडे, भुयारं आणि राक्षस घालून असाच खेळ चालवला. तो पाहून हरखला गॅरी गायगॅक्स. हा विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाचा गृहस्थ. विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर घरीच बूट दुरुस्त करून संसार हाकत होता. दोघांनी मिळून नियम लिहिले आणि गायगॅक्सने मित्रांबरोबर काढलेल्या चिमुकल्या कंपनीने 1974 साली ते छापले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स': एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची, खोकी हातांनी भरलेली. आपल्याकडे पहिला कवितासंग्रह असाच निघतो. फरक एवढाच, की हा खपला.

रीत सोपी. एकजण सूत्रधार. तो म्हणतो, "समोर दरी आहे. आता तू काय करतोस?" तुम्ही म्हणता, "उडी मारतो." उडी साधली की नाही, ते फासा सांगतो. आया मध्ये पडत नाहीत.

पुढच्याच वर्षी ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रे याने ते नियम वाचले आणि डोकं धरलं. त्यातले चित्रविचित्र पैलूंचे फासे तर सहजी मिळत नव्हते. त्याने साध्या सहापैलू फाशांवर आपला स्वतंत्र खेळ लिहिला, 'टनेल्स अँड ट्रोल्स', आणि 100 प्रती छापून घेतल्या. म्हणजे घरगुती पंथ हा मूळ पंथापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान.

इकडे खोकीवाली कंपनी फुगली आणि घरात भाऊबंदकी आली. श्रेय आणि मानधन यांवरून आर्नेसन 1979 साली कोर्टात गेला. 1981मध्ये तडजोड झाली. 1985 साली खुद्द गायगॅक्सच्या हातून कंपनीची सूत्रं गेली. पुढे 1997 साली ती कंपनीच दुसऱ्या कंपनीने घेतली आणि 1999मध्ये त्या दुसरीला तिसरीने. खेळात राक्षसाला मारून खजिना मिळतो. खजिन्याच्या वाटणीचे नियम मात्र त्या तीन पुस्तिकांत नव्हते.

म्हणून मला छोट्या खेळांची माणसं आवडतात. स्वतः लिहायचं, स्वतः छापायचं, स्वतःच विकायचं. काढून टाकणार कोण? एव्हरी ऑल्डर यांच्या 'द क्वाएट इयर' या 2013च्या खेळात पत्त्यांची 52 पानं म्हणजे वर्षाचे 52 आठवडे आणि सगळ्यांनी मिळून एका वस्तीचा नकाशा काढायचा. त्यात 'चर्चा' नावाची चाल आहे. प्रत्येकाने एकेकदा बोलायचं आणि निर्णय कसलाच घ्यायचा नाही! या बाईंनी आमच्या सोसायटीची सभा पाहिलेली नाही, हे सांगूनही खरं वाटत नाही. ग्रँट हाउइट यांचा 2017चा 'हनी हाइस्ट' तर एका पानात मावतो. तुम्ही अस्वल. प्रदर्शनातला मध लांबवायचा. अंगी गुण दोनच, अस्वलपणा 3 आणि बदमाशी 3. बेत फसला की बदमाशीतला एक आकडा अस्वलपणात जातो. अस्वलपणा 6 झाला, की अस्वल पिसाळलं.

हा खेळ भाच्याने घरी आणला. तो खेळून झाल्यावर मी म्हटलं, एका पानाचंच काम असेल तर आपल्याला का जमू नये? लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी 'मानपान' लिहून काढला. स्थळ मंगल कार्यालय. गुण दोन, ताठा 3 आणि समजूत 3. ताठा 6 झाला, की न जेवता निघून जायचं. समजूत 6 झाली, की पंक्तीत वाढायला लागायचं.

ताईच्या मुलीच्या लग्नात व्याह्यांकडून आलेली साडी हलकी निघाली, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून विहीणबाईंचं नाव घरात कुणी काढत नाही. खेळात चिठ्ठ्या टाकल्या, तर ताईच्या वाट्याला नेमकी वरमाय आली.

"आई, नको असेल तर बदल," भाचा म्हणाला.

"काही नको. खेळ तो खेळ."

दोन फासे उलटे पडले. वरमायचा ताठा 5वर गेला. फराळाच्या ताटावरून मुलीकडच्यांनी डिवचलं होतं. सगळं कार्यालय, म्हणजे आमचं जेवणाचं टेबल, चिडीचूप.

"आता वरमाय काय करते?" भाच्याने विचारलं.

ताई बराच वेळ फासा मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "काय करणार बिचारी? सकाळपासून उभी आहे. पाय दुखत असतील तिचे. बसवा तिला, आणि आधी चहा द्या."

नियमात याला आकडा नव्हता. मी पेन काढून पत्रिकेच्या पाठीवर एक नियम वाढवला.