नऊ एकांचा वर्ग

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ६१७४ ही संख्या बहुश्रुत आहे. ती येथे बाजूला ठेवू. प्रस्तुत टिपणाचा विषय त्यांची दुसरी, अधिक लांबलचक संख्या आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा हा वर्ग.

कापरेकर १९०५ मध्ये डहाणूला जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. मुंबईपासून तीस मैलांवरील जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्थानकावर (म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात) त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून नाव ठेवले डेमलो संख्या. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आला.

ही संख्या वाचायची कशी? पुनावळ्यातल्या गृहप्रकल्पांच्या फलकांवर आपली मजल लाख-कोटींपर्यंत. वर्तमानपत्रांत फार तर अब्ज. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे दिली आहेत. त्या शिडीवर आपली संख्या परार्धाच्या एक पायरी खाली, 'मध्य' या स्थानी सुरू होते. अंत्य, जलधि, शंकु असे उतरत 'अर्बुद' स्थानी, म्हणजे दहा कोटींच्या घरात, ९ चे शिखर गाठते आणि तेथून एककापर्यंत ओसरते.

घडण साधी आहे. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना प्रत्येक ओळ एक घर सरकते; स्तंभांत एक, दोन, तीन असे एके जमत नऊपर्यंत जातात आणि पुन्हा कमी होतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एके घेतले की तो येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा बिघडतो. शिवाय आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने निःशेष भागही जातो. अशा संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटले.

हा छंद जुना आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगितले आहे. उत्तर १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एकांचा वर्ग! अशा सममित उत्तरांना त्यांनी कंठहाराची उपमा दिली.

कापरेकरांच्या लेखानंतर दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, जी. एच. हार्डी यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'त ८७१२ व ९८०१ यांचे उदाहरण घेतले. ८७१२ ही २१७८ ची चौपट, ९८०१ ही १०८९ ची नऊपट. आपल्याच उलट्या रूपाच्या पटी. यात गणितज्ञाला भावण्यासारखे काही नाही, असा त्यांचा निवाडा. साहित्याच्या अभ्यासकाला हा सूर ओळखीचा वाटेल : मम्मटानेही चित्रकाव्याला 'अवर' ठरवले होते. आणि गोदाकाठच्या पार्थपूरचे सूर्यदास? सोळाव्या शतकातील या दैवज्ञाने 'लीलावती'वर टीका लिहिली आणि 'रामकृष्णविलोमकाव्य'ही रचले, सुलट वाचता रामकथा, उलट वाचता कृष्णकथा. एकाच लेखणीतून दोन्ही उतरले.

हार्डींचा आक्षेप मला अर्धाच पटतो. ३ चा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा हा गुणाकार आहे. तो कोणत्याही लिपीत खरा. चढ-उताराचे रूप मात्र लेखनाचे, रोमन आकड्यांत ते दिसणारच नाही. पण म्हणून ते केवळ दहाच्या पायाचे अपत्य नव्हे. बाराच्या पायावर मोजले तरी नऊ एकांचा वर्ग नेमका असाच लिहिला जातो. तेव्हा हे रूप स्थानमूल्याच्या पद्धतीचेच आहे. ज्या परंपरेने ती पद्धत घडवली तिच्या वारसाने ते न्याहाळावे, याला पोरखेळ कसे म्हणावे?

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते, आणि शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे उलटली होती.