एकहाती गव्हर्नर आणि मकावचे चिनी

गोव्याच्या इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी मकावकडे सहसा वळत नाही. वास्तविक १८४४ पर्यंत चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील हे लहानसे ठाणे गोव्यातील सरकारच्याच अधीन होते. त्या वर्षी ते वेगळे झाले, आणि दोनच वर्षांनी जुआंव मारिया फेरैरा दु आमाराल हा आरमारी अधिकारी तेथे गव्हर्नर म्हणून आला. तरुणपणी ब्राझिलमधील लढाईत त्याने उजवा हात गमावला होता.

तोवर मकावची व्यवस्था चमत्कारिक खरी, परंतु चालती होती. जमिनीचे भाडे म्हणून पोर्तुगीज लोक चिनी सरकारला दरसाल ५०० टेल चांदी देत. गावात चिनी जकातनाका होता आणि चिनी रहिवाशांवर चिनी अंमलदारांची हुकमत चाले. एक गाव, धनी दोन! पुढे इंग्रजांनी हाँगकाँग मिळविले, व्यापार तिकडे वळला. १८४५ मध्ये लिस्बनने मकाव खुले बंदर केले, तेव्हा जकातीचे उत्पन्नही गेले. रिकाम्या तिजोरीला आता आधार उरला तो चिनी रहिवाशांच्या करांचा.

आमारालने होड्यांवर कर बसविला. ऑक्टोबर १८४६ मध्ये नावाड्यांनी उठाव केला, तो तोफांनी मोडला. दुकानदारांनी दुकाने बंद ठेवली, तर बाजारावर तोफा डागण्याची धमकी देऊन ती उघडविली. भाडे थांबले, १८४९ साली जकातनाकाही उठविला.

इथवरचा झगडा पैशाचा व सत्तेचा होता. तो कदाचित निभावलाही असता. पण सीमेवरील वेशीपर्यंत रस्ता काढताना त्याने चिनी लोकांच्या कबरी हलवावयास लावल्या. नुकसानभरपाई देऊ केली होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जेथे पूर्वजांच्या कबरीची जागा व दिशा ह्यांवर कुळाचे कल्याण अवलंबून मानतात, तेथे भरपाईचे नाणे काय मोलाचे? आपल्याकडे गावच्या मसणवटीतून कोणी सडक नेली असती, तर लोक काय म्हणाले असते, हे वाचकांस सांगावयास नको. आमाराल शूर होता, नेकीचाही असेल; माणसे मात्र त्याला दिसली नाहीत.

२२ ऑगस्ट १८४९ रोजी संध्याकाळी घोड्यावरून फेरफटका मारीत असता वेशीजवळ मारेकऱ्यांनी त्याला गाठले. त्यांनी त्याचे शिर आणि उरलेला एकच हात कापून नेला. तीनच दिवसांनी मेस्किता ह्या मकावमध्येच जन्मलेल्या अधिकाऱ्याने मूठभर शिपायांनिशी वेशीपलीकडचा चिनी किल्ला घेतला. चिनी सरकारने शेन झिलियांग नावाच्या एका मारेकऱ्यास देहान्त शासन केले. शिर व हात परत मिळावयास मात्र १८५० उजाडले. चिनी लोकांनी शेनला वीर मानले.

पुढे १८८७ च्या तहाने मकाववरील पोर्तुगीज अंमल चीनने मान्य केला. १९४० मध्ये तेथे आमारालचा पुतळा उभारला गेला: उधळलेला घोडा, आणि हातातल्या चाबकाने हल्लेखोरांना झोडपणारा गव्हर्नर. १९९९ मधील हस्तांतरापूर्वी, १९९२ साली, चीनच्या आग्रहावरून तो उतरवून लिस्बनला नेण्यात आला.