मारलवाई ते मीसेवा

तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात 'मीसेवा' ही पाटी वाचून मराठी माणूस थबकतो. मराठीत मी म्हणजे स्वतः. तेलुगूत 'मी' म्हणजे तुमची. पैनगंगा ओलांडली की अक्षर तेच राहतं, पण अर्थ उलटतो. या जिल्ह्यात माहितीची वाट नेहमी भाषेपाशीच अडली आहे.

1940 मध्ये जोडेघाटला गोंडांच्या उठावाचे नेते कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंड का पेटून उठले हे समजून घेण्यासाठी निजाम सरकारनं मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना पाठवलं. जमिनीचा, जंगलाचा कागद ज्याला वाचता येत नाही त्याला कोणीही नाडतो, हे त्यांनी जवळून पाहिलं. पुढं तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि गोंडी वाचनपुस्तकं निघाली, तीही देवनागरीत! मराठीच्या शेजारामुळं ती लिपी इथं परकी नव्हती.

1986 मध्ये आदिलाबादला आकाशवाणी केंद्र आलं. गोंडी कार्यक्रम लागले. रेडिओला साक्षरता लागत नाही, हे त्याचं मोठेपण. पण ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि वेळ चुकली की बातमी गेली.

4 नोव्हेंबर 2011 ला अखंड आंध्रात मीसेवा, म्हणजे केंद्रांवरून सरकारी दाखले देणारी सेवा, सुरू झाली. दाखल्याची नोंद मध्यवर्ती सर्व्हरवर, अधिकाऱ्याची सही डिजिटल. कागदावर बारकोड, म्हणजे खरेखोटेपणा कुठूनही तपासता येतो. तहसीलचे हेलपाटे वाचले, हे मान्यच करायला हवं. मात्र पडद्यावर काय लिहिलंय हे केंद्रचालकच सांगणार. फक्त गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या म्हातारीला पूर्वी पटवारी लागे, आता केंद्रचालक लागतो.

शेजारच्या छत्तीसगडात 2010 मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. त्याची रीत अगदी साधी: मिस्ड कॉल द्यायचा, सर्व्हर उलट फोन करतो, एक बटण दाबून आपलं बोलणं नोंदवायचं, दुसरं दाबून इतरांचं ऐकायचं. साधा फोन पुरतो. रेडिओसारखं कानावर येतं आणि रेडिओला न जमलेलं उत्तरही देता येतं. इथल्या पाड्यांसाठी या सगळ्यांत हेच साधन मला सर्वांत योग्य वाटतं.

लिपीचीही एक वाट आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीतली हस्तलिखितं मिळाली. प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि हैदराबाद विद्यापीठानं त्यांचा पाठपुरावा केला. जून 2018 मध्ये युनिकोडच्या 11व्या आवृत्तीत 'गुंजाला गोंडी' दाखल झाली. आता ही अक्षरं कोणत्याही संगणकावर जाऊ शकतात. मीसेवेचा पडदा घडवणाऱ्यांनी ती तिथं आणावीत, आणि सोबत गोंडी-कोलामी आवाजाचं एक बटणही द्यावं.